चौथं नाव

सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीला जानेवारीत साठ वर्षं पूर्ण होणार होती आणि चेअरमन दामू धानमेहेर यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. या वेळी सत्कार पुढाऱ्याचा करायचा नाही, शास्त्रज्ञाचा करायचा.

त्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी सोसायटीने स्वतःच एक नियम केला होता. पापलेटाच्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, ठरलेल्या मापापेक्षा लहान ठेवायचा नाही. पिल्लं निसटून जावीत, मोठं तेवढं अडकावं. सुरुवातीला कुरकुर झाली, पण नियम टिकला, आणि आता टोपलीत बोटाएवढी पापलेटं दिसेनाशी झाली होती. हे माप कुणा शास्त्रज्ञाने काढून दिलेलं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. नेमकं कोणी, ते बोलताना प्रत्येकाचं वेगळं निघे.

"आपल्या बंदरावर किती लोक आले नि गेले," दामूकाका रुचिताला म्हणाले. "वह्या घेऊन, काटे घेऊन, फोटो काढत. त्यांच्यातला सगळ्यात मोठा कोण, ते तू शोध. तू शिकलेली हायस. कम्प्युटरवर सगळं असतं म्हनं."

रुचिता मेहेर सत्तावीस वर्षांची. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या तपासणी-लॅबमध्ये तीन वर्षं नोकरी करत होती. मोजणं, लिहिणं, तक्ता करणं हे तिच्या हातात बसलेलं काम. तीन संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन बसली आणि सातपाटीच्या मासेमारीवर ज्यांनी ज्यांनी काही लिहिलं होतं त्यांची नावं काढली. अकरा निघाली. प्रत्येकापुढे पेपर किती, त्यांचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, हे आकडे लिहिले, त्यांना गुण दिले आणि क्रम लावला.

पहिल्या नंबरवर आल्या डॉ. पुष्पलता सावे. मुंबईच्या एका मत्स्यसंशोधन संस्थेतून निवृत्त, एक्केचाळीस पेपर. अकराव्या नंबरवर कुणी विपुल संखे. एकच पेपर, आणि त्यातही लेखकांच्या यादीत चौथं नाव. ही ओळ ठेवावी की काढून टाकावी, असा विचार तिने मिनिटभर केला आणि मग अकराचा आकडा बरा दिसतो म्हणून ठेवली.

दामूकाकांना तक्ता फार आवडला. "हे बघ, नंबरवारी! आता कोन बोलू शकनार नाय." पालघरच्या एका कारागिराकडे त्यांनी पितळी पापलेट करायला टाकलं होतं, फळ्यावर बसवलेलं. त्यावर डॉ. सावेंचं नाव कोरायला सांगायचं ठरलं.

रविवारी रुचिता आईला मदत करायला वाळवणावर गेली. तिची आई मंदा आणि ठकीमावशी बांबूंवर बोंबील अडकवत होत्या. ठकीमावशी पंचावन्नच्या, आवाज सगळ्या खळ्यावर ऐकू जाणारा, आणि लिलावाच्या वेळी व्यापारी ज्यांना वचकून असत अशा बायकांपैकी एक. तक्त्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"वाच बगू. येकेक नाव वाच."

रुचिताने वाचलं. पाच नावांवर ठकीमावशींनी "कोन हा?" असं विचारलं. दोन नावांवर "हां, ती चष्मेवाली" असं काहीतरी म्हणाल्या. दहा नावं झाली तरी त्यांचा चेहरा खुलेना.

"नि इपुल? इपुल कुटं हाय?"

"आहे की. शेवटी. त्याचा एकच पेपर आहे मावशी, आणि त्यातही त्याचं नाव चौथं."

"चौथं?" ठकीमावशींच्या हातातला बोंबील तसाच राहिला. "अगं, तो तर समद्यांच्या आदी यायचा. होड्या लागायच्या तवा धक्क्यावर उबा. तीन वर्सं. पावसाची बंदी सोडली तर येक दिस चुकला नाय. नि तुजे हे धा जन, त्यातले निम्मे आमी बगितले पन नाय!"

रुचिताने आईकडे पाहिलं.

"तू तवा वसईला हॉस्टेलात होतीस," मंदा म्हणाली. "लय मेहनती पोरगा. ठकीशी तर रोज भांडन व्हायचं त्याचं."

"भांडन नाय, मी शिकवत व्हते त्याला," ठकीमावशी म्हणाल्या. "तुज्या कागदात ते बसत नसंल तर कागद चुकला."

रुचिताला थोडा राग आला. तिने तक्त्यात काही खोटं लिहिलेलं नव्हतं. आकडे आकडे असतात, असं ती मनात म्हणाली आणि बोंबील अडकवू लागली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म हातात पडले. लॅबचा सुपरवायझर मिथुन, मूळचा बिहारकडचा, दहा वर्षं बोईसरमध्ये राहिलेला, स्वभावाने भला माणूस. त्याने तिला बाजूला बोलावलं.

"रुचिता, इस साल तुम्हारे सॅम्पल कम हैं. बाकी सबके तुमसे ज़्यादा."

कमी असणारच होते. पावसाळ्यात एका मशीनचे निकाल मधूनच हलत होते. सगळे तसेच पुढे पाठवत होते. रुचिताने सहा आठवडे खपून शोधून काढलं की दुपारनंतर खोलीतली दमट हवा आत जाते आणि आकडा सरकतो. तेव्हापासून एकही निकाल परत आला नव्हता. पण त्या सहा आठवड्यांत तिचे नमुने निम्मेच तपासून झाले होते.

"आणि मशीनचं मी जे शोधलं ते?" तिने विचारलं.

मिथुनने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. "मालूम है मुझे. लेकिन फॉर्म में उसका खाना ही नहीं है."

कंपनीची बस पालघरकडे निघाली तेव्हा रुचिता खिडकीशी बसली होती. मिथुनचा राग यावा असं काही त्याने केलं नव्हतं. फॉर्म करणाऱ्याने तरी काय वाईट इच्छेने केला असेल? त्यानेही मोजता येईल तेवढंच घेतलं असेल. मग तिला आपलाच तक्ता आठवला, आणि त्यात आपण कुणाला काय विचारलं, तर कुणालाच काही नाही, हेही. घरी पोचायच्या आत तिने आईला फोन करून विपुल संखे आता कुठे असतो ते विचारलं.

तो बोईसरलाच होता. स्टेशनजवळ एका मोबाइलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर कोचिंग क्लास होता, तिथे दहावीला विज्ञान शिकवायचा. छत्तिशीचा, केस विरळ झालेला, शांत माणूस. रुचिताने आपण सातपाटीची म्हणून सांगताच त्याचा चेहरा आधी उजळला आणि लगेच सावध झाला.

"सत्कार? माझा?" सगळं ऐकून तो हसला. "मला पीएच.डी.सुद्धा मिळालेली नाही. तीन वर्षांची फेलोशिप होती. दुसऱ्या वर्षी मी चुकलो, तिसरं वर्ष ती चूक दुरुस्त करण्यात गेलं. चुकीवर पेपर होत नसतो. मुदत संपली, विषय संपला."

"पण आई म्हणते, जाळ्याचं माप तर तुम्हीच काढलंत ना?"

"एकट्याने नाही." त्याने फळा पुसायला घेतला. "नंतर दोन ठिकाणी अर्ज केले. पहिल्याच पानावर प्रश्न असतो, पहिला लेखक म्हणून पेपर किती? मी शून्य लिहायचो. शून्य लिहिल्यावर पुढची पानं कोण उलटतं? मलासुद्धा हळूहळू वाटायला लागलं की आपण केलं ते शून्यच असेल."

त्याने डस्टर ठेवलं.

"एक सांगतो. तुम्ही मला बोलवायचं म्हणाल तर देवू तांडेलना आधी विचारा. मी त्यांचा मासेमारीचा एक अख्खा हंगाम बुडवलाय. धक्क्यावर त्यांनी मला शिव्या दिल्या होत्या आणि त्या बरोबर होत्या. माझं नाव काढलंत तर त्यांना चालणार नाही."

खाली जिन्यात पुढच्या बॅचची मुलं जमली होती. तो पुन्हा फळ्याकडे वळला.

पुष्पलता सावे निवृत्तीनंतर पालघरजवळच्या माहीमला आपल्या माहेरच्या वाडीत राहत होत्या. केळी, नारळ, पानवेली. रुचिता गेली तेव्हा त्या ओटीवर बसून खायची पानं निवडत होत्या. रुचिताने चिठ्ठीत आधीच सगळं लिहून पाठवलं होतं, त्यामुळे त्यांनी प्रस्तावना केली नाही.

"चौथं नाव मीच लिहिलं," त्या म्हणाल्या. "पहिलं माझं. दुसरं आणि तिसरं अशा दोघांचं, ज्यांनी बोट आणि परवानग्या मिळवून दिल्या. त्यांनी मासा हातात धरला नव्हता. पण त्यांची नावं वर नसती तर पुढच्या वर्षी बोट मिळाली नसती. असा तो हिशेब असतो."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"तेव्हा? फारसं नाही. माझ्याही बढतीच्या फॉर्मात पेपर मोजत होते. एक्केचाळीस पेपर म्हणजे काय वाटतं तुला? त्यातले पाच-सहा खरे माझ्या जिवाचे. बाकीचे रकाना भरायला." त्यांनी एक पान बाजूला ठेवलं. "पण मी काहीच केलं नाही असंही समजू नकोस हां. तो नियम राज्याच्या अधिकाऱ्यांनी हाणून पाडू नये म्हणून मी दोन वर्षं फाइल घेऊन फिरले. त्याचाही पेपर नाही."

रुचिताने विचारलं, "विपुलची चूक काय होती?"

बाईंनी ती नीट समजावून सांगितली. विपुल त्यांच्या हाताखाली रोज लिलावातली पापलेटं मोजायचा. शेकडो मासे, प्रत्येकाची लांबी, वजन, अंडी धरली आहेत का. त्यावरून त्याने दुसऱ्या वर्षी जाळ्याच्या आसाचं माप सांगितलं. देवू तांडेलने विश्वासाने आपली सगळी जाळी त्या मापाची करून घेतली. आणि हंगामभर त्याच्या होडीला मासाच लागेना. चांगली भरलेली पापलेटंसुद्धा निसटून जात होती.

"मग?"

"मग एक बाई त्याला भांडली. ठकी नाव तिचं. म्हणाली, तू निवडलेलंच मावरं, म्हणजे मासळी, मोजतोस. लिलावाला मांडण्याआधी लहान-मध्यम आम्ही काढून ठेवतो, ते टोपलीखालचं कोण मोजणार? अंड्यावर आलेल्या माद्या त्यातच जास्त होत्या, त्याच्या हिशेबापेक्षा खूप लहान. त्याचं सगळं माप मोठं आलेलं." त्यांनी एका पानाचा देठ खुडला. "मी त्याला म्हटलं, गप्प बस, पुढच्या अहवालात आकडा हळूच बदलू. सगळे तसंच करतात. त्याने ऐकलं नाही. सातपाटीला गेला आणि सोसायटीच्या सभेत उभा राहिला. ते मला तेव्हा मूर्खपणाचं वाटलं होतं."

निघताना त्यांनी रुचिताला फाटकापर्यंत सोडलं.

"आता काही मासिकं पेपरच्या शेवटी लिहून घेतात, कोणी काय केलं. कल्पना कुणाची, मोजलं कुणी, लिहिलं कुणी. आमच्या वेळी तो रकाना असता तर मला खोटं लिहावं लागलं असतं, आणि तेवढी माझी हिंमत झाली नसती. तुमच्या पितळी माशावर माझं नाव कोरू नका. त्याऐवजी हे लिहा. कोणी काय केलं."

दामूकाका ऐकायला तयार नव्हते.

"नावाला वजन पायजे, रुचिता. सावे मॅडम येनार म्हटल्यावर कलेक्टर येतील. क्लासमदल्या मास्तरला शाल दिली तर कोन येनार?"

"काका, मॅडम येणारच आहेत. पण त्यांनीच नको सांगितलंय. एक करू या. ज्यांचा ज्यांचा या लोकांशी संबंध आला त्यांना रविवारी बोलावू. कोणी काय केलं ते ज्याने पाहिलं त्याने सांगायचं. मी लिहून घेते. मग तुम्ही ठरवा, मी मध्ये पडणार नाही."

"नि तुजा तक्ता?"

"तो माझा चुकला."

दामूकाकांनी टेबलावरच्या तक्त्यावर पेपरवेट ठेवला. मग म्हणाले, "कारागिराला फोन करतो. कोरू नको म्हनून सांगतो. पन फकस्त या रविवारपर्यंत."

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं जमली, त्यांत निम्म्याहून जास्त बायका. रुचिताने भिंतीवर मोठे कागद चिकटवले होते, एकेका संशोधकाचा एक. पहिल्यांदा मंदाने धीर केला. चष्मेवाली मुलगी, जी दोन महिने आली होती, सतत मिठात हात घालून बायकांची बोटं फाटतात त्याची तिने नोंद केली होती आणि दवाखान्याच्या डॉक्टरांना आणून दाखवलं होतं, हे सांगितलं. त्यावर तिचा पेपर वगैरे काही नव्हता. रुचिताच्या तक्त्यात तर तिला सातवा नंबर होता, दुसऱ्याच कुठल्या विषयावरच्या पेपरांसाठी. मग लोक खुलले. कुणी सांगितलं, अमुक एकाने फक्त फोटो काढले. कुणी म्हणालं, फोटो काढले, पण पाठवले पण, भिंतीवर लावलेत. काही कागद कोरेच राहिले. त्यांपैकी एकावर ज्याचं नाव होतं तो एकवीस पेपरांचा धनी होता. तो वाईट माणूस होता असं कुणी म्हटलं नाही. त्याला कुणी पाहिलंच नव्हतं.

विपुलच्या कागदाशी आल्यावर सगळ्यांनी मागे पाहिलं. देवू तांडेल दाराशी, चपला काढायच्या जागेवर उभा होता. साठी ओलांडलेला, खांदे रुंद, कमी बोलणारा. तो पुढे आला, पण कागदापर्यंत नाही.

"लिव," तो रुचिताला म्हणाला. "त्यानं चुकी केली. माजा हंगाम गेला. दोगे खलाशी दुसऱ्या होडीवर गेले. मी त्याला धक्क्यावर नाय नाय ते बोललो. आयमाय काडली. समदे बगत होते."

रुचिता लिहायची थांबली.

"लिव म्हनतो ना. नि फुडचं पन लिव. म्हयन्यानं तो याच हालात आला. इतं, इतं उबा ऱ्हायला. म्हनला, माप माजं चुकलं, मी निवडलेलं मावरं मोजलं, ठकीमावशीनं दाखवलं तवा कळलं, देवूकाकांचं नुकसान माज्यामुळं झालं. कुनी त्याला बोलवलं नव्हतं. कुनी विचारलं नव्हतं. मग येक वरीस तो परत मोजत बसला, टोपलीखालचं पन. चाळीस वर्सं मी लोकांचे सल्ले ऐकतोय. सरकारवाले, कंपनीवाले, जाळीवाले. चुकले समदेच कदी ना कदी. चुकलो म्हनून सांगायला परत येक जन आला. त्याचं दुसरं माप मी घेतलं ते तो परत आला म्हनून. नायतर मी त्याचं कशाला ऐकू? नि मी घेतलं म्हनून बाकीच्यांनी घेतलं."

तो दाराकडे वळला, मग थांबला. "त्याची माफी मागायची माजी ऱ्हायली. तो गेला तवा मी समुद्रात होतो."

बायकांमधून कुणी नाक ओढल्याचा आवाज आला. दामूकाका खुर्चीवरून उठले, कागद वाचत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"त्या पोराचा नंबर दे," ते रुचिताला म्हणाले.

त्यांनी सगळ्यांसमोर फोन लावला आणि स्पीकर चालू केला. विपुलने नम्रपणे, पण ठाम नकार दिला. रविवारी जादा तास असतात, परीक्षा जवळ आलीय, आणि दुसरंही कारण आहे, ते रुचिताला सांगितलंय.

देवूने पुढे होऊन फोन हातात घेतला. स्पीकर बंद कसा करायचा ते त्याला माहीत नव्हतं.

"मी देवू बोलतोय. तांडेल."

त्याने फोन तोंडाजवळ धरला.

"येत नसशील तर मी बोयसरला येतो. वर्गात येऊन बसतो. पोरांसमोर बोलतो काय बोलायचं ते. बोल, कवा येऊ?"

"नको काका," विपुलचा आवाज दबका आला. "मीच येतो."

कार्यक्रमाला कलेक्टर आले नाहीत. दुसरीकडे उद्घाटन होतं. दामूकाकांना तेवढं लागलं, पण हॉल भरून माणसं बाहेर उभी राहिली तेव्हा ते विसरले. लिलावाच्या शेडमध्ये भिंतीवर एक फलक लावला होता, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत. त्याच्या मजकुरावरून आठ दिवस वाद चालला होता. शेवटी ठरलं ते असं:

जाळ्याच्या आसाचं माप कसं ठरलं.
रोज मासे मोजले, चूक केली, ती सांगितली, पुन्हा मोजून माप काढलं: विपुल संखे.
काय मोजायचं राहतंय ते दाखवलं: ठकी तरे आणि मावरं निवडणाऱ्या बायका.
दोन्ही मापांची जाळी आधी स्वतःच्या होडीवर घेतली: देवू तांडेल.
प्रकल्प उभा केला, सरकारदरबारी बाजू मांडली, अहवाल लिहिला: डॉ. पुष्पलता सावे.

ठकीमावशींनी फलक वाचून घेतला आणि त्या बिथरल्या. "माजं नाव कशाला? मी भांडले फकस्त."

"मावशी, तेच तर," विपुल म्हणाला. "माझ्या गाइडनं मला जे शिकवलं नाही ते तुम्ही भांडून शिकवलंत." मग पुष्पलताबाई शेजारीच उभ्या आहेत हे लक्षात येऊन तो ओशाळला. बाई हसल्या. "खरंच आहे की," त्या म्हणाल्या.

पितळी पापलेट पुष्पलताबाईंच्या हस्ते विपुलला दिलं गेलं. बाईंनी भाषण लिहून आणलं होतं, ते पर्समध्येच ठेवलं. माइकसमोर त्यांनी एवढंच सांगितलं की दहा वर्षांपूर्वीच्या एका पेपरात नावांचा क्रम आपण लावला होता, तो चुकीचा होता, आणि ही गोष्ट आपण मासिकाला पत्राने कळवली आहे. मासिक छापेल की नाही माहीत नाही. समोरच्या बहुतेकांना मासिक म्हणजे काय ते कळलं नसेल, पण टाळ्या मात्र जोरात पडल्या. देवू आणि विपुल शेडच्या मागच्या बाजूला बर्फाच्या पेट्यांवर बसून बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत पुष्पलताबाईंनी विपुलला एक जाहिरात पाठवली. खाडीकिनाऱ्याच्या मासळीवरचा दोन वर्षांचा प्रकल्प, एक संशोधन सहायक हवा. अर्जात पेपरांची संख्या कुठेच विचारली नव्हती. त्याऐवजी होतं: तुमचं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं, त्यात तुमचा वाटा काय, त्याचा उपयोग कुणाला झाला, एका पानात लिहा. आणि तो उपयोग ज्यांना ठाऊक आहे अशा दोघांची नावं द्या.

विपुलने लिहिलेलं पान रुचिताला दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, 'माझं पहिलं माप चुकलं.'

"हे खाली घ्या," रुचिता म्हणाली. "निदान दुसऱ्या परिच्छेदात."

"खाली घेतलं की मग बाकीच्याला अर्थ राहत नाही." त्याने ते तसंच ठेवलं. दोन नावांमध्ये एक पुष्पलता सावे होतं, दुसरं देवू तांडेल. त्यापुढे हुद्दा लिहायचा होता, तिथे लिहिलं, होडीमालक.

एप्रिलमध्ये मुलाखत झाली. अर्धा तास त्यांनी त्याला त्या चुकीबद्दलच विचारलं, कशी झाली, कशी कळली, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. तो निवडीच्या यादीत दुसरा आला. पहिल्याने दुसरीकडची जागा घेतली म्हणून जूनमध्ये पत्र विपुलला आलं. पीएच.डी.चं अजून काही ठरलेलं नव्हतं. बाई विद्यापीठात विचारून पाहणार होत्या. तोपर्यंत त्याच्या दहावीच्या बॅचचा निकाल लागून गेला होता. त्याआधी पत्र आलं असतं तर वर्ग सोडून गेलो नसतो, असं तो म्हणाला, आणि रुचिताला ते खरं वाटलं.

रुचितानेही आपल्या फॉर्मला एक वेगळं पान जोडलं होतं. मशीनचा आकडा का सरकत होता, कसा शोधला, आणि त्यात रात्रपाळीच्या ऑपरेटरने खोलीतल्या दमटपणाची नोंद ठेवली होती त्याचा किती उपयोग झाला. मिथुनने ते पान पाहिलं, "चलो, लगा देते हैं," म्हणत स्टेपलर मारला आणि वर पाठवलं. त्या वर्षी तिला 'समाधानकारक'च मिळालं. पण मुख्य कचेरीतून एकाने फोन करून त्या ऑपरेटरचं नाव विचारलं, आणि तिच्या पद्धतीची एक प्रत दुसऱ्या प्लांटसाठी मागवली. तिला बरं वाटलं. अगदी पूर्ण नाही, पण बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारीबंदी उठली आणि होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. विपुलचं काम बोईसरजवळच्या नवापूरपासून सुरू झालं होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने रुचिताला फोन केला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"इथं मला कुणी उभंच करत नाही," तो म्हणाला. "म्हणतात, मोजायला आलास? मागच्या वर्षी पण एक आला होता. बाजूला हो, वाटेत उभा राहू नको."

"मग? काय केलंत?"

"काय करणार? टोपल्या उचलायला लागलोय. थांबा, हाक मारतायत. ठेवतो."

आणि त्याने फोन ठेवला.